काळा दगड: अंबरनाथच्या देवळापासून काँक्रीटच्या सळईपर्यंत

कल्याणच्या थोडं पुढे अंबरनाथचं शिवमंदिर आहे. शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०, शिलाहारांचा काळ. सगळा आपला काळा दगड, बेसाल्ट. दाब सोसायला हा दगड पक्का, पण ताण आला की तडकतो. म्हणून तिथे दगडावर दगड, ओझं सरळ खाली.

पुढे काँक्रीट आलं. हाच दगड खडी होऊन आत गेला आणि ताणाचं काम लोखंडी सळईकडे आलं. घोळ इथेच आहे. खाडीची खारी हवा, वर गळती. सळई गंजते, फुगते आणि स्लॅबचे पोपडे पडतात. ठाण्यात, डोंबिवलीत पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी निघते ना, त्यातल्या कितीतरी इमारतींचं दुखणं हेच.

आता बेसाल्ट सुमारे १५०० अंश सेल्सियसला वितळवून केसापेक्षा बारीक तंतू ओढतात. हे तंत्र सोव्हिएत संघात वाढलं. ते तंतू रेझिनमध्ये बांधून केलेली सळई गंजत नाही. पण तेवढ्याच भाराला ती पोलादापेक्षा जास्त लांबते आणि इशारा न देता तुटते. शिवाय साइटवर फिटरला तिची रिंग वळवता येत नाही! खाडीकाठच्या भिंतीला, फरसबंदीला ती जरूर वापरावी. राहत्या घराच्या बीममध्ये एवढ्यात नको, असं माझं मत.