झुबिन मेहता : वाद्यवृंद, ऑपेरा आणि वृंदगान

पाश्चात्त्य अभिजात संगीतातील जगद्विख्यात वाद्यवृंद संचालक झुबिन मेहता यांचा जन्म २९ एप्रिल १९३६ रोजी मुंबईतील पारशी कुटुंबात झाला. वडील मेहली मेहता हे नामवंत व्हायोलिनवादक. १९३५ मध्ये त्यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्राची स्थापना केली होती.

वैद्यकीय शिक्षणाची पूर्वतयारी सोडून झुबिन १९५४ मध्ये व्हिएन्नाला गेले. हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे त्यांनी संचालनाचे धडे घेतले. डबल बासही शिकले. ब्रुनो वॉल्टर, कारायान यांच्यासारख्या श्रेष्ठींच्या तालमी जवळून पाहता याव्यात म्हणून ते आणि सहाध्यायी क्लाउडिओ अबाडो तेथील 'झिंगफेराइन' या वृंदगान मंडळात गायक म्हणून दाखल झाले. मानवी आवाजाशी जडलेले हे नाते पुढे त्यांच्या ऑपेरांतही उपयोगी पडले.

१९५८ मध्ये लिव्हरपूलची संचालन स्पर्धा जिंकल्यानंतर माँट्रियल (१९६१-६७), लॉस एंजेलिस (१९६२-७८) आणि न्यूयॉर्क (१९७८-९१) येथील वाद्यवृंदांची धुरा त्यांनी सांभाळली. १९६३ मध्ये माँट्रियल येथे 'टॉस्का'द्वारे ऑपेरा संचालनात पदार्पण केल्यानंतर दोनच वर्षांत न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरामध्ये त्यांनी 'आयडा' सादर केला. १९९८ ते २००६ या काळात ते म्युनिक येथील बव्हेरियन स्टेट ऑपेराचे संगीत संचालक होते. १९९८ मध्येच बीजिंगच्या 'निषिद्ध नगरी'त त्यांनी पुचिनीचा 'तुरांदोत' सादर केला.

दुभंगलेल्या समाजात संगीत वाजवावे की नाही, हा प्रश्न मात्र त्यांच्या वाट्याला वारंवार आला. इस्रायल फिलहार्मोनिकने १९८१ मध्ये त्यांना तहहयात संगीत संचालकपद दिले. त्याच वर्षी तेल अवीवमध्ये त्यांनी वाग्नरची रचना वाजवताच सभागृहात तीव्र निषेध उमटला. नाझी राजवटीने डोक्यावर घेतलेल्या या संगीतकाराच्या रचना छळछावण्यांतून वाचलेल्यांना असह्य होत्या. जून १९९४ मध्ये वेढ्यात सापडलेल्या साराजेव्होत, जळालेल्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या अवशेषांत त्यांनी स्थानिक वाद्यवृंद आणि वृंदगायकांसह मोझार्टचा 'रेक्विएम' सादर केला. सप्टेंबर २०१३ मध्ये श्रीनगरच्या शालिमार बागेतील मैफलीच्या वेळी फुटीरतावाद्यांनी बंद पुकारला, तर काहींनी समांतर कार्यक्रम घेतला. मेहतांच्या हेतूविषयी आदर बाळगूनही एवढे म्हणावे लागते, की मैफल कोणाच्या निमंत्रणावरून आणि कोणासाठी होते, यावर तिचा अर्थ ठरतो.

भारत सरकारने त्यांना पद्मभूषण (१९६६) आणि पद्मविभूषण (२००१) देऊन गौरवले. इस्रायल फिलहार्मोनिकमधून ते २०१९ मध्ये निवृत्त झाले.

संचालक होण्यासाठी ज्या मुंबईतून त्यांना परदेशी जावे लागले, तेथे २००६ मध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा व्यावसायिक वाद्यवृंद उभा राहिला. २०२३ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, मेहतांनी त्याचे संचालन केले. वडिलांनी पाहिलेले स्वप्न त्याच शहरात साकारण्यास जवळपास पाऊण शतक लागले.