लाल डब्यातून प्रतापगडावर

उठा, पहाटेचे चार वाजलेत. सत्तरचं दशक आहे, गाव फलटण तालुक्यातलं आणि तुम्ही सातवीत आहात. दिवाळीची सुट्टी नुकतीच संपलीय. आईनं चुलीवरचं कढत पाणी घंगाळात ओतलंय. पिशवीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, उरलेल्या करंज्या, फिरकीचा तांब्या. काखेत वळकटी. खिशात आजोबांनी दिलेले दोन रुपये आहेत. ते जागेवर आहेत ना, हे तुम्ही आज दिवसभर चाचपून बघणार.

शाळेपुढे एसटी उभी आहे. नेहमीची मुक्कामी गाडी नव्हे. हिच्या पाटीवर 'प्रासंगिक करार' लिहिलंय, म्हणजे आज ती फक्त तुमच्या शाळेची. पळा, खिडकी धरा! तिघांच्या बाकावर चौघं बसलेत, रेक्झिन गार लागतंय, डिझेलचा वास आणि नव्या कपड्यांना लावलेलं अत्तर एकत्र नाकात शिरतंय. कंडक्टरमामा दोरी ओढतात. टण्‌ टण्‌. खिडक्यांच्या काचा खडखडायला लागतात आणि साठ गळे एकदम जयजयकार करतात.

लोणंदच्या अलीकडे कुठल्याशा गुऱ्हाळावर रस उकळतोय. त्याचा गोड, धुरकट वास गाडीभर पसरतो. भेंड्या रंगात आल्यात. मग खंबाटकीचा घाट येतो. तुम्ही सपाटीवरचं लेकरू, रस्ता असा डोंगराला वेढे घालत वर चढतो हे आज पहिल्यांदा बघताय. ड्रायव्हरकाका गिअरचा दांडा दोन्ही हातांनी लोटतात की काय असं वाटतं. केबिनमधलं इंजिनाचं झाकण एवढं तापलंय की त्याला टेकलेला मॉनिटर ओरडून मागं सरतो.

वाईला उतरल्यावर चपला देवळाबाहेर. आत ढोल्या गणपती, एकाच दगडात घडवलेला, बघायला मान वर करावी लागते. पण गुरुजी तुम्हाला देवळाच्या मागं नेतात. इथली भिंत माशाच्या आकाराची आहे, कृष्णेला पूर आला की पाणी तिच्यावर आपटून दुभंगावं म्हणून. टोकावर हात ठेवा. दगड उन्हानं कोमट झालाय आणि सांध्यात शेवाळ वाळलंय. दोनशे वर्षं ही भिंत पुराला तोंड देतेय. मग घाटावर बसून डबे उघडतात. तुमची करंजी कुणाच्या तरी भाकरीच्या बदल्यात जाते, पलीकडून खर्डा येतो, नाकाडोळ्यांतून पाणी काढतो, आणि तुम्ही कृष्णेचं गार पाणी ओंजळीनं पिता.

पसरणीच्या घाटाबद्दल फार बोलायला नको. निम्मी गाडी खिडकीतून बाहेर वाकलेली असते, बाई पुढून मागं लिंबाच्या फोडी वाटत जातात. पाचगणी तर डोळे मिटूनच मागं पडते. महाबळेश्वरी मुक्काम एका शाळेच्या वर्गात, फरशीवर, एका घोंगडीत दोघं. थंडीनं दात वाजतात आणि झोप कुणालाच नको असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंबेनळी घाटातून गाडी खाली उतरते आणि वळणावर कुणीतरी किंचाळतं, "तो बघा!" प्रतापगड. चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकात पाठ केलेला तो गड धुक्यातून वर येतो आणि गाडीत क्षणभर कुणी बोलत नाही. पायऱ्या चढताना पोटऱ्या भरून येतात, वाळत चाललेल्या गवताचा वास येतो, एक मावशी मडक्यातलं ताक विकत बसलेली असते. आजोबांचा एक रुपया इथं मोडतो.

बुरुजावर गुरुजी थांबतात. खाली जावळीचं रान, दाट, काळपट हिरवं. अफझलखान आला तो हाच ऋतू, १६५९चा नोव्हेंबर, असं ते सांगतात आणि हातानं शामियान्याची दिशा दाखवतात. पुस्तकात तीन ओळींत संपलेली ती भेट आता तुमच्या डोळ्यांसमोर उभी राहते: एवढं रान, एवढा चढ, आणि वाट पाहत दबा धरून बसलेली माणसं. पुस्तकातला धडा तुम्हाला खऱ्या अर्थानं कळतो तो इथं, धापा टाकत असताना.

मग महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्यापुढं फोटो. गुरुजींच्या 'क्लिक थ्री' कॅमेऱ्यात रोल एकच, फोटो बाराच, म्हणून सगळा वर्ग एका चौकटीत कोंबायचा. उन्हाकडं तोंड, डोळे बारीक, पुढच्याच्या केसांतल्या खोबरेल तेलाचा वास. हलू नका!

बास, आता परत या. एसटी अजूनही शाळांच्या सहलींना प्रासंगिक करारावर, अर्ध्या भाड्यात गाडी देते. तुमच्या गावच्या शाळेत कधी गेलात, तर मुख्याध्यापकांच्या कानावर एवढं नक्की घाला. आणि वाईला थांबलात तर पोरांना देवळाच्या मागं घेऊन जायला सांगा.