रत्नागिरीची परतफेरी

कोकणात कुणी जरा वेगळा वागायला लागला की 'हेका रत्नागिरीक धाडूक व्हयो' असं थट्टेत म्हणतात. थट्टेमागे इतिहास आहे. रत्नागिरीचं मनोरुग्णालय १८८६ सालचं. राज्यातल्या चार जुन्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी ते एक. बाकीची येरवडा, ठाणे आणि नागपूरची. तेव्हा मालवण रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग वेगळा झाला, पण मनोरुग्णालय तिकडेच राहिलं!

आज बोलायचंय ते तिथून बरं होऊन घरी आलेल्या आणि पुन्हा तिथेच न्यावं लागणाऱ्या माणसाबद्दल. म्हणजे मुख्यतः स्किझोफ्रेनियाबद्दल. (मराठीत छिन्नमनस्कता. शब्दच इतका भयंकर की घरचे तो उच्चारतही नाहीत. असो.)

गंमत म्हणजे, 'पुन्हा दाखल होणं' हा प्रश्न पूर्वी एवढा मोठा नव्हताच. १८५८ आणि १९१२ च्या कायद्यांचा सगळा भर माणसाला आत ठेवण्यावर. उपचार जवळजवळ नाहीत, त्यामुळे आत गेलेले बरेचसे आतच राहायचे.

औषधांच्या गोष्टीत आपलाही एक धागा आहे. सह्याद्रीच्या जंगलातही सापडणाऱ्या सर्पगंधाचा वेडावर उपयोग होतो, असं गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली लिहिलं होतं. तिच्यातलं रिसर्पिन १९५२ साली वेगळं काढलं गेलं, आणि १९५४ पासून अमेरिकेत ते स्किझोफ्रेनियावर वापरात आलं. पण बाजी मारली क्लोरप्रोमॅझिनने. डिसेंबर १९५० मध्ये फ्रान्सच्या ऱ्होन-पूलांक कंपनीत ते तयार झालं, आणि १९५२ साली पॅरिसमध्ये डले आणि डेनिकर यांनी ते रुग्णांना दिलं. वर्षानुवर्षं कोंडलेली माणसं शांतपणे बोलायला लागली. १९५८ साली बेल्जियममध्ये हॅलोपेरिडॉल आलं.

दारं उघडली. अमेरिकेतल्या सरकारी मनोरुग्णालयांत १९५५ साली साडेपाच लाखांहून जास्त रुग्ण होते. पंचवीस वर्षांत ते दीड लाखाच्या खाली आले. पण लवकरच लक्षात आलं की बाहेर गेलेले परत येतायत. तिकडे याला 'फिरता दरवाजा' असं नाव पडलं.

का परत येतात? कारणं अनेक, पण सर्वात मोठं कारण साधं आहे: गोळ्या बंद होतात. २०१२ साली 'लॅन्सेट'मध्ये ६५ चाचण्यांचा एकत्र हिशेब आला. औषधाने स्थिरावलेल्या रुग्णांपैकी काहींचं औषध चालू ठेवलं, बाकीच्यांना त्याऐवजी नुसती खोटी गोळी दिली. वर्षभरात औषध चालू असलेल्या दर १०० जणांपैकी २७ जणांचा आजार उलटला, बंद झालेल्यांपैकी ६४ जणांचा. पुन्हा दाखल व्हावं लागलं ते अनुक्रमे १० आणि २६ जणांना. म्हणजे औषध घेऊनही काहीजण परत जातातच. तेव्हा 'गोळ्या नीट घेतल्या नसशील' असा आरोप लगेच करू नये.

आणि माणूस गोळ्या सोडतो तो काही खोडसाळपणाने नाही हो. हात थरथरतात, अंग ताठ होतं, वजन वाढतं, दिवसभर झोप येते. होडीवर जाणाऱ्या माणसाला हे कसं परवडणार? शिवाय बरं वाटायला लागलं की आपण सगळेच औषध सोडतो. पुन्हा त्रास सुरू झाला की घरचे आधी देवळात कौल लावतात, मग डॉक्टर. तोवर महिना-दोन महिने जातात.

यावर एक उपाय १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात निघाला: दोन ते चार आठवडे पुरणारं फ्लूफेनाझिनचं इंजेक्शन. २०१७ साली स्वीडनमधल्या २९,८२३ रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा अशा इंजेक्शनांमुळे पुन्हा दाखल होण्याचा धोका त्याच औषधाच्या गोळ्यांपेक्षा २० ते ३० टक्के कमी दिसला. पण इंजेक्शन द्यायला कुणीतरी जवळ हवं ना! जवळ सोय नसेल तर मालवणहून रत्नागिरी गाठायची म्हणजे आधी कसाल किंवा कुडाळ, मग पुढचा हायवे नाहीतर कोकण रेल्वे. रुग्णासोबत घरच्या कुणाचातरी एक दिवसाचा रोजगार बुडतो. भर पावसात तर बोलायलाच नको.

म्हणून मला २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा महत्त्वाचा वाटतो. २९ मे २०१८ पासून तो लागू आहे. त्याचं कलम १८ सांगतं की उपचारांसाठी कुणाला लांबचा प्रवास करावा लागू नये, सेवा राहत्या जागेजवळ मिळावी. पहिल्या कायद्यापासून १६० वर्षांनी का होईना, कायद्याने भिंतीबाहेरच्या माणसाचा विचार केला.

रत्नागिरीचं रुग्णालय हवंच. पण तिथून घरी आलेला माणूस घरीच राहावा असं वाटत असेल, तर त्याची पुढची गोळी, पुढचं इंजेक्शन आणि 'अंग ताठतंय, डोस बदला' हे ऐकून घेणारा डॉक्टर मालवणातच मिळायला हवा. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जाणं झालं, तर ही औषधं तिथे मिळतात का, एवढं जरूर विचारून बघा.