पॅच येईपर्यंत काय करायचं? विंडोजमधल्या त्रुटींवरचे तात्पुरते उपाय

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद भागातल्या ऑनलाइन सेंटरवर पहाणी असो की जात-उत्पन्नाचं प्रमाणपत्र, शेवटी काम येतं ते प्रिंटरपाशी. म्हणून सुरक्षा त्रुटीवरचा तात्पुरता उपाय, म्हणजे 'वर्कअराउंड', समजायला जुलै 2021 चं 'प्रिंटनाइटमेअर' प्रकरण बरं पडतं.

छपाईची कामं रांगेत लावणाऱ्या 'प्रिंट स्पूलर' या सर्व्हिसमध्ये ही त्रुटी होती. नेटवर्कवरचं साधं लॉगिन हाती असलेल्यालाही तिच्यातून संगणकाचा पूर्ण ताबा घेता येत होता. दुरुस्तीचं अपडेट, म्हणजे पॅच, 6 जुलैपासून यायला लागला. तोवर मायक्रोसॉफ्टने दोन वाटा दिल्या होत्या.

पहिली, स्पूलर थांबवून 'डिसेबल्ड' करणे. धोका टळला, पण छपाईही बंद! ज्याचं पोटच प्रिंटवर, त्याला हे कसं परवडणार? ज्या संगणकावरून कधी प्रिंट काढायचीच नसते, तिथे मात्र हाच उपाय बरा. दुसरी वाट, ग्रुप पॉलिसीत जाऊन दुसऱ्या संगणकांकडून येणारी छपाई नाकारायची आणि स्पूलर रीस्टार्ट करायचा. यूएसबीने थेट जोडलेला प्रिंटर चालू राहतो. शेजारच्या टेबलावरून त्यावर प्रिंट देता येत नाही, एवढंच. ग्रुप पॉलिसीची ही सोय 'प्रो' आवृत्तीत असते, 'होम'मध्ये नसते.

2017 मधली गोष्ट उलटी. 12 मे रोजी पसरलेल्या 'वॉनाक्राय'वरचा पॅच 14 मार्चलाच आला होता. अनेकांनी तो लावलाच नव्हता. फाइल शेअरिंगची जुनी 'एसएमबी 1' पद्धत बंद करणं हा त्यावरचा तात्पुरता उपाय. 'विंडोज फीचर्स'मधली खूण काढायची, संगणक रीस्टार्ट करायचा. जुन्या झेरॉक्स मशीनचं स्कॅन फोल्डरमध्ये येणं त्यामुळे थांबू शकतं. पण तीच त्रुटी वापरून 27 जूनला पसरलेल्या 'नॉटपेट्या'ने मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प केलं होतं.

काय बदललं आणि कधी, हे दुकानातल्या वहीत लिहून ठेवावं. पॅच लागल्यावर सेटिंग पूर्ववत करायचं राहिलं, तर चार महिन्यांनी प्रिंटर बिघडला समजून मेकॅनिकला बोलावलं जातं. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी न केलेल्या संगणकांना नव्या त्रुटींवरचा पॅच मिळत नाही. तिथे तात्पुरता उपायच कायमचा होऊन बसतो.