बडोद्याची रवणी

खेड्यात ज्यांचे बालपण गेले त्यांना ‘रवणी’ हा शब्द समजावून सांगायला नको. खुडूक झालेली कोंबडी पाटीत अंड्यांवर बसवायची, पाटी अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवायची, दाणापाणी जागेवर द्यायचे आणि एकवीस दिवस उगाच हात लावायचा नाही, एवढेच ते शास्त्र. अंडी उबवण्याचे काम कोंबडीचे. माणसाचे काम मांजर-मुंगसाला दूर ठेवण्याचे. जो उतावळा रोज अंडे उचलून उन्हाकडे धरून पाहतो, त्याच्या रवणीतून पिले निघत नाहीत.

अलीकडे उद्योगांच्या जगात ‘इन्क्युबेटर’ हा शब्द फार कानांवर येतो. नव्याने धंद्यात उतरणाऱ्या तरुणाला स्वस्तात जागा, यंत्रांचा वापर, जाणत्यांचा सल्ला आणि भांडवलाची वाट दाखवणारी संस्था, असा त्याचा अर्थ. १६ जानेवारी २०१६ रोजी ‘स्टार्टअप इंडिया’ योजनेचा प्रारंभ झाला, त्याच वर्षी अटल इनोव्हेशन मिशन आले आणि गावोगावच्या महाविद्यालयांवर अशा केंद्रांच्या पाट्या लागल्या. हा शब्द रूढ झाला त्याची कथाही कोंबड्यांचीच आहे. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात बटाव्हिया नावाचे गाव आहे. तेथील शेतीयंत्रांचा प्रचंड कारखाना बंद पडला, गावात बेकारी माजली. मानक्युसो नावाच्या व्यापारी कुटुंबाने ती ओस इमारत विकत घेतली आणि १९५९ पासून तिचे तुकडे पाडून लहान उद्योगांना भाड्याने द्यायला सुरुवात केली. भाडेकरूंत एक कोंबड्यांची पिले काढणारी कंपनी होती. पाहुण्यांना इमारत दाखवताना जो मानक्युसो थट्टेने म्हणत, ‘आमचे हे इन्क्युबेटरच आहे.’ थट्टेतला शब्द पुढे शास्त्रातला झाला.

तथापि नाव नंतर पडले म्हणून काम आधी झाले नव्हते असे नाही. बटाव्हियाच्या सुमारे सत्तर वर्षे आधी, एका मराठी राजाच्या राजधानीत उद्योगांची रवणी मांडली गेली होती. ती राजधानी बडोदे. त्या रवणीतून काय निघाले, काय निसटले आणि का निसटले, हे पाहण्यासारखे आहे.

मालेगाव तालुक्यातील कवळाणे या गावचा गोपाळराव नावाचा बारा वर्षांचा मुलगा २७ मे १८७५ रोजी दत्तकविधानाने बडोद्याच्या गादीवर आला आणि सयाजीराव झाला. २८ डिसेंबर १८८१ रोजी राज्यकारभाराची सूत्रे त्याच्या हाती आली. प्रजा केवळ शेतीवर जगते आणि एक पाऊस चुकला की उपाशी मरते, हे या तरुण राजाने लवकर ओळखले. उपाय म्हणून त्याने प्रथम तोच मार्ग धरला, जो सत्ताधाऱ्यांना नेहमी सोपा वाटतो : सरकारनेच कारखाने काढायचे. १८८० च्या दशकात बडोद्यात सरकारी कापडगिरणी उभी राहिली, गणदेवीस साखरेचा कारखाना निघाला. साखर कारखाना टिकला नाही. गिरणी चालली, पण पुढे तीही खाजगी हाती सोपवावी लागली. यंत्रे विलायतेहून आणता येतात, इमारत वर्षभरात उठते. परंतु रंग कसा पक्का होतो, सूत कोठे तुटते, हिशेबात गळती कोठे आहे, हे जाणणारी माणसे जहाजातून उतरवून घेता येत नाहीत. ती घडवावी लागतात.

माणसे घडवण्याचा हा विचार ज्याच्या डोक्यात आधीपासून घर करून होता, असा एक मनुष्य बडोदे कॉलेजात रसायनशास्त्र शिकवीत होता. त्याचे नाव त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. सुरतेच्या सुतार घराण्यात १८६३ साली, म्हणजे महाराजांच्याच जन्मवर्षी, त्याचा जन्म झाला. हातात करवत असलेल्या कुळाचा मुलगा रसायनशास्त्राचा पदवीधर झाला, पण करवतीला विसरला नाही. कारागिराच्या हाताला शास्त्राची जोड मिळाली नाही तर हा देश केवळ कच्चा माल पाठवीत राहील, हे त्याचे सूत्र होते. महाराजांना हे पटले आणि जून १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन सुरू झाले. गज्जर हे त्याचे पहिले प्राचार्य.

‘कलाभवन’ या नावावरून आज चित्रशाळेचा भास होतो. चित्रकला तेथे होतीच. पण सुतारकाम, यंत्रशास्त्र, विणकाम, कापडाची रंगाई आणि तिच्यामागचे रसायनशास्त्र हा त्या संस्थेचा कणा होता. विशेष म्हणजे शिकवण्याची भाषा गुजराती ठेवली होती. रंगाऱ्याच्या मुलाने आधी इंग्रजी शिकावे आणि मग रंग शिकावा, ही अट गज्जरांना मान्य नव्हती. त्यासाठी पुस्तके हवीत, पुस्तकांसाठी पारिभाषिक शब्द हवेत. म्हणून दरबारच्या साहाय्याने त्यांनी देशी भाषेतील शास्त्रीय ग्रंथमालेचे आणि परिभाषाकोशाचे काम हाती घेतले. मातृभाषेतून शास्त्र शिकवता येईल काय, हा वाद आमच्या शिक्षकी पेशात अद्याप मिटलेला नाही. बडोद्याने त्याचे उत्तर १८९० मध्ये कृतीने दिले होते.

अशा संस्थेचे फळ वर्षाअखेरच्या अहवालात मावत नाही. त्र्यंबकेश्वरच्या एका भिक्षुकाच्या घरातील मुलगा, धुंडिराज गोविंद फाळके, कलाभवनात शिकत होता. चित्रकलेबरोबर छायाचित्रणाकडे त्याचा ओढा पाहून गज्जरांनी त्याला उत्तेजन दिले, प्रयोगशाळेचे दार मोकळे ठेवले. पुढे त्याने छायाचित्रकाराचा धंदा करून पाहिला, छापखान्यात हात काळे केले आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. दादासाहेब फाळक्यांचे बडोद्यातील दिवस आणि तो चित्रपट यांत वीस वर्षांहून अधिक अंतर आहे. कोणत्या विभागाने हा खर्च कोणत्या खात्यावर दाखवावा? रवणीचे एकवीस दिवस असतात. माणसाची उबवण इतकी हिशेबी नसते.

येथवर सारे ठीक चालले असे वाटते, आणि येथेच खरी गोष्ट सुरू होते. १८९६ मध्ये गज्जरांनी बडोदे सोडले. कलाभवन कसे चालावे, त्याच्या कारभारात कोणाचा शब्द अखेरचा, यावरून दरबारातील अधिकाऱ्यांशी त्यांचे पटेनासे झाले होते. महाराज उदार होते, पण राज्य चालते ते कागदावर आणि कागद फिरतो कारकुनाच्या गतीने. ज्याने रवणी मांडली त्यालाच पाटीजवळ जाण्यासाठी परवानगी मागावी लागली. कलाभवन बंद पडले नाही, वर्ग भरत राहिले, प्रमाणपत्रे वाटली गेली. गेली ती ऊब.

ती ऊब मुंबईला गेली. गज्जर विल्सन कॉलेजात रसायनाचे प्राध्यापक झाले आणि १८९९ मध्ये त्यांनी गिरगावात टेक्नो-केमिकल लॅबोरेटरी उभारली. १८९६ साली चापेकर बंधूंनी मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासले होते. तो डाग भल्याभल्यांना निघेना. तो गज्जरांनी काढला आणि त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. गिरगावच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी केवळ परीक्षेसाठी येत नसत. औषध कसे काढावे, अर्क कसा उतरवावा, आणि ते विकून पोट कसे भरावे, हे तेथे शिकायला मिळे. दरबारच्या छत्राखाली जे पूर्ण होऊ शकले नाही, ते एका भाड्याच्या जागेत होऊ लागले.

या प्रयोगशाळेच्या वर्तुळातील दोन शिष्य म्हणजे कोटिभास्कर आणि भाईलाल दाजीभाई अमीन. एक मराठी, एक गुजराती. जशी बडोद्याची पेठ तशीच ही जोडी. त्यांचे प्रारंभीचे प्रयोग मुंबईतच लहान प्रमाणावर झाले. मग ३० जुलै १९०७ रोजी गज्जर, कोटिभास्कर आणि अमीन या तिघांच्या प्रयत्नाने बडोद्यात अ‍ॅलेम्बिक केमिकल वर्क्स ही कंपनी स्थापन झाली. अ‍ॅलेम्बिक म्हणजे अर्क उतरवण्याचे जुने भांडे. मद्यार्क आणि औषधी अर्क हाच त्यांचा पहिला माल होता. अकरा वर्षांपूर्वी जे बीज बडोद्यातून उडून गेले होते, ते मुंबईची माती खाऊन पुन्हा बडोद्यात रुजले.

ते रुजले याचे श्रेय मात्र बडोद्याला दिलेच पाहिजे. गज्जर नव्हते त्या काळात राज्याने हात बांधून घेतले नव्हते. १८९७ मध्ये संस्थानचा स्वतःचा कंपनी कायदा झाला होता, म्हणजे चार माणसांनी भागभांडवल गोळा करून धंदा करण्यास कायद्याची चौकट मिळाली. १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण संस्थानभर सक्तीचे झाले. त्याच सुमारास महाराजांनी अमेरिकेच्या प्रवासातून राल्फ व्हायटेनॅक या अर्थतज्ज्ञाला सल्लागार म्हणून आणले. आणि २० जुलै १९०८ रोजी बँक ऑफ बडोदा स्थापन झाली. महाराजांचे बंधू संपतराव गायकवाड, विठ्ठलदास ठाकरसी, लल्लुभाई शामळदास, तुळशीदास किलाचंद, व्हायटेनॅक अशी मंडळी तिच्या उभारणीत होती. १९१३ ते १९१७ या काळात देशातील ८७ बँका बुडाल्या; ही बँक तरली. १९ जुलै १९६९ रोजी तिचे राष्ट्रीयीकरण झाले.

शाळा, कायदा, सल्ला आणि पतपेढी अशा चार विटा जुळल्यावर पुढची घरे आपोआप उठू लागली. संस्थानच्या ओखामंडळात कपिलराम वकील यांनी मिठापूरला १९२७ मध्ये मिठागर घातले. त्याच जागी १९३९ मध्ये टाटा केमिकल्स उभी राहिली. भाईलालभाईंचे पुत्र नानुभाई अमीन यांनी १९४३ मध्ये ‘ज्योती’ ही पंप आणि विद्युत यंत्रांची कंपनी काढली. त्याच वर्षी साराभाई केमिकल्स बडोद्यात आली. १९६५ मध्ये कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला, तेव्हा रसायन जाणणारे हात शहरात दोन पिढ्यांचे तयार होते. खुद्द कलाभवन १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठात सामील झाले आणि तंत्रज्ञान व अभियांत्रिकी शाखेच्या रूपाने आजही नांदते आहे.

आता आपल्या दारचा दाखला घेऊ. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. बढतीच्या वेळी डावलले गेले, तेव्हा नोकरीवर पाणी सोडून बेळगावला आले. थोरले बंधू रामुअण्णा यांच्या साथीने येथे आधीच १८८८ पासून सायकलींचे दुकान होते. कडबा कापण्याची यंत्रे, लोखंडी नांगर यांचा कारखाना येथेच निघाला. पुढे गावाच्या विस्तारासाठी नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी झाली आणि किर्लोस्करांना ती सोडावी लागली. त्या वेळी धावून आले औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी. कुंडल रोड स्टेशनजवळचा बत्तीस एकरांचा निवडुंगाने भरलेला माळ आणि बिनव्याजी कर्ज त्यांनी दिले. १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी वसली. बेळगावने अंडे दिले. पिल्लू औंधच्या अंगणात निघाले.

बडोदे हे तीस लाखांकडे वस्ती पोहोचलेले बडे संस्थान. औंध एवढेसे, चिमुकले. तरी औंधच्या राजाने ओळखले ते हे की माळ आपला, पण कारखाना किर्लोस्करांचा. नांगराचा फाळ कसा ओतावा हे त्याने त्यांना शिकवले नाही. बडोद्याच्या कारभाऱ्यांकडे पैसा, इमारत, राजाश्रय सर्व काही होते. त्यांना गज्जर सांभाळता आले नाहीत. माझ्या मते या इतिहासाचे सार एवढेच आहे. उबवणी केंद्र म्हणजे इमारत नसते, अनुदानही नसते. ते एक माणूस असतो आणि त्याला दिलेले स्वातंत्र्य असते. माणूस गेला की पाटी राहते, कोंबडी नसते.

आज ज्या ज्या महाविद्यालयात असे केंद्र उघडते तेथे फीत कापली जाते, छायाचित्रे छापून येतात. त्याबद्दल आनंदच आहे. परंतु आपल्या सीमाभागातील पालकांनी, संस्थाचालकांनी आणि नव्याने धंदा मांडू पाहणाऱ्या मुलांनी तेथे जाऊन तीन प्रश्न विचारावेत. या केंद्राचा प्रमुख कोण, आणि तो पाच वर्षे येथे राहणार आहे की बदलीच्या यादीत आहे? येथील मुलाने बनवलेला पहिला नग विकत घेणारा कोणी आहे काय? आणि येथून बाहेर पडून स्वतःच्या पायांवर उभे राहिलेल्यांची नोंदवही ठेवली आहे, की केवळ आत बसलेल्यांचीच मोजदाद आहे? रवणीची परीक्षा पाटीत किती अंडी मावली यावर होत नाही; अंगणात किती पिले दाणे टिपताना दिसतात यावर होते.

गज्जर १९२० साली वारले, सयाजीराव ६ फेब्रुवारी १९३९ रोजी. दोघांना एकमेकांची गरज होती आणि जेमतेम सहा वर्षे त्यांना कलाभवनात एकत्र काम करता आले. त्या सहा वर्षांवर एक शहर शंभर वर्षे जगले. ती सहाची सोळा झाली असती तर काय झाले असते, याचा हिशेब इतिहास देत नाही. पण पुढचा गज्जर आपल्या गावात आला, तर त्याला कोणत्या टेबलावर किती दिवस ताटकळत ठेवायचे, हे ठरवणे अजून आपल्या हाती आहे.