कढण, कळण आणि सूप

मराठींत 'सूप' हा एकच उच्चार तीन निरनिराळ्या वस्तूंच्या वांट्यास आला आहे. धान्य पाखडण्याचें सूप तें संस्कृत 'शूर्प' शब्दापासून झालेलें. दुसरें सूप संस्कृतांतलेंच, म्हणजे शिजविलेली डाळ. त्यावरून आचाऱ्यास सूपकार आणि पाकविद्येस सूपशास्त्र हीं नांवें मिळालीं. तिसरें इंग्रजांच्या मेजावरून आपल्या घरांत उतरलेलें, भाज्या उकडून, गाळून, कढत कढत प्यावयाचें सूप. रामचंद्र सखाराम गुप्ते यांनीं १८७५ मध्यें आपल्या मराठी पाकग्रंथास 'सूपशास्त्र' हें नांव दिलें, तेव्हां त्यांच्या मनांत दुसरा अर्थ होता. आज तें पुस्तक कोणाच्या हातीं पडलें तर त्याच्या मनांत प्रथम तिसरा अर्थ उभा राहील.

ह्या उच्चारसाम्यावरून इंग्रजी सूप हें संस्कृत सूपाचेंच अपत्य आहे असें अनुमान काढण्याचा मोह होतो. पण तें अनुमान टिकणारें नाहीं. इंग्रजीनें हा शब्द फ्रेंचांकडून घेतला, आणि तो मुळांत जर्मानिक भाषांकडील असून रश्शांत भिजविलेला पावाचा तुकडा असा त्याचा जुना अर्थ आहे. नात्याचा धागा शोधावयाचाच तर तो दुसरीकडे सांपडतो. आपल्या वैद्यकग्रंथांत कडधान्य पाण्यांत शिजवून काढलेल्या पातळ रसास 'यूष' म्हटलें आहे. लॅटिन भाषेंतील 'यूस', म्हणजे रस्सा, हा त्याचा सख्खा भाऊ. आणि इंग्रजांचा 'ज्यूस' हा त्या लॅटिन शब्दाचाच वंशज. सारांश, शब्द परका असला तरी वस्तु आपल्या घरीं फार पूर्वींपासून नांदत होती. मग ती आपल्या पंक्तींत मानाच्या जागीं कां बसली नाहीं, हा खरा इतिहासाचा प्रश्न आहे.

चरक आणि सुश्रुत ह्यांच्या ग्रंथांत यूषाचे प्रकार बारकाईनें सांगितले आहेत. मीठ, स्नेह व मसाला घातलेला तो कृतयूष. त्यांवांचून केलेला तो अकृतयूष. वमन-विरेचनादि शोधन झालेल्या रोग्याचा अग्नि मंद असतो, म्हणून त्यास एकदम पूर्ण आहार न देतां प्रथम पेया, मग विलेपी, मग अकृतयूष, त्यानंतर कृतयूष आणि शेवटीं मांसरस अशा पायऱ्यांनीं चढवीत न्यावें असा नियम आहे. आजाऱ्यास मुगाचें कढण देणारी आपली आजी ह्या ग्रंथांचें नांवही जाणत नव्हती. परंतु तिच्या हातून जें घडत होतें तें त्या नियमास धरूनच होतें. येथेंच ह्या पदार्थाचें दैवही ठरून गेलें. तो पथ्याचा झाला. आणि जें पथ्याचें तें निरोगी माणसानें हौसेनें मागून घ्यावें, हें आपल्याकडे कोणास सुचलें नाहीं.

दुसरें कारण आपल्या ताटाच्या रचनेंत आहे. वरण, आमटी, सार, कढी हे सर्व पातळ पदार्थ भातासाठीं. त्यांना वाटी मिळते, पण ती भाताच्या आश्रयानें. कोणी साराची वाटी तोंडाला लावलीच तर ती जेवण संपतां संपतां. सार आणि सूप ह्यांतला भेद पातेल्यांत नाहीं, पानांत आहे. मद्रासकडील इंग्रजांनीं हें उत्तम सिद्ध करून दाखविलें आहे. तामिळ घरांतील 'मिळगु तण्णीर', म्हणजे मिऱ्यांचें पाणी, त्यांनीं भातापासून वेगळें काढलें, त्यांत मांस वगैरे घातलें, स्वतंत्र बशींत वाढलें, आणि 'मलिगाटॉनी' ह्या नांवाचें एक प्रसिद्ध सूप तयार झालें. युरोपांतही अशीच गोष्ट घडली. आज हॉटेलास लाविला जाणारा 'रेस्टॉरंट' हा शब्द अठराव्या शतकांतील पॅरिसमध्यें शक्तिवर्धक रश्शाचें नांव होता. तो रस्सा विकणाऱ्या दुकानांस पुढें तेंच नांव पडलें. अशक्तांसाठीं केलेला रस्सा तेथें आजाऱ्याच्या खोलींतून निघून नगराच्या हमरस्त्यावर येऊन बसला. आमचें कढण मात्र आजाऱ्याच्या उशापाशींच राहिलें.

हा सामान्य सिद्धांत एका लहानशा प्रदेशांत पडताळून पाहतां येतो. सह्याद्रीच्या पायथ्याशीं असलेले कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके आज रायगड जिल्ह्यांत मोडतात. १८८२ सालच्या ग्याझेटियरांत ते ठाणें जिल्ह्याखालीं आहेत, आणि तेव्हां खालापूर हा कर्जत तालुक्याचाच एक पोटविभाग होता. समुद्र येथून दूर आणि घाट अगदीं उशाशीं. त्यामुळें मार्गशीर्षापासून माघापर्यंत पहाटेची थंडी येथें किनाऱ्यावरील गांवांपेक्षां अधिक झोंबते. मुख्य पीक भाताचें. कापणी झाली कीं खाचरांत जी ओल उरते तिच्यावर वाल पेरतात. ह्या पिकास पाऊस नको. जमिनींतील ओल आणि पहाटेचें दंव एवढ्यावर तें वाढतें. वालाचें संस्कृत नांव 'निष्पाव'. आणि ह्या शब्दाचा दुसरा अर्थ पाखडणें असा आहे. म्हणजे आरंभीं सांगितलेलें पहिलें सूप येथें पुन्हां हातांत घ्यावें लागतें.

वालाचें बिरडें सर्वांस ठाऊक आहे. पण तें करितांना जें पाणी निघतें त्याची गोष्ट फारशी कोणी लिहून ठेवीत नाहीं. वाल भिजवावयाचे, फडक्यांत बांधून त्यांस मोड आणावयाचे, कोमट पाण्यांत टाकून एक एक दाणा सोलावयाचा. ह्यांत घरांतील बायकांचे दोन दिवस जातात. सोललेले दाणे शिजत आले कीं वरचें पाणी काढून घ्यावें, त्यांत आमसूल, ठेंचलेली लसूण आणि नारळाचा रस घालावा, वर जिऱ्याची फोडणी द्यावी. हवी तर शेवग्याची शेंग अथवा लाल भोपळ्याची फोड त्यांतच शिजवावी. हें कळण. कुळिथाचेंही तसेंच: मंद आंचेवर कुळीथ शिजवून पाण्याचें कळण करावयाचें आणि दाण्यांची उसळ. वैद्यकानें कुळीथ उष्ण मानिला आहे, म्हणून थंडीपडशाच्या दिवसांत त्यास विशेष मान. वाल मात्र वैद्यांनीं जड व वातुळ ठरविला. अर्थात् त्याचें कळण रोग्यासाठीं नव्हतें, उन्हातान्हांत राबणाऱ्या धडधाकट माणसासाठीं होतें. आमच्या मतें ह्या भागाचें खरें हिंवाळी सूप तें हेंच. त्याखालीं एक पायरी आणखी आहे. डोंगराच्या कडेस राहणाऱ्या ठाकर व कातकरी कुटुंबांत तांदळाची किंवा नाचणीची पेज हा थंडींतला आधार. मूठभर दाणे आणि पुष्कळ पाणी, हें तिचें गणित गरिबीनें शिकविलेलें आहे. कर्जत तालुक्यांतून वाहणाऱ्या एका नदीचें नांवही पेजच आहे; भिवपुरीच्या वीजघरांतून सुटणाऱ्या पाण्यामुळें ती बारमाही वाहते.

ह्याच तालुक्यांत, पण अडीच हजार फूट उंचीवर, तिसरें सूप येऊन पोंचलें. मे १८५० मध्यें ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट ह्यांनीं खालापूर भागांतील चौक गांवाहून माथेरानचा डोंगर चढून पाहिला, आणि थोड्याच वर्षांत तेथें मुंबईच्या गोऱ्या साहेबांचे बंगले उभे राहिले. १९०७ मध्यें नेरळहून लहान आगगाडी सुरू झाली. त्यापूर्वीं सारें सामान माणसांच्या डोक्यावरून व तट्टांच्या पाठीवरून वर जात असे. इंग्रजी जेवणाचा आरंभ सूपानें व्हावयाचा, ही त्या मेजाची रीत. अशा रीतीनें एकाच डोंगराच्या माथ्यावर उकडलेल्या भाजीचें पाणी प्रतिष्ठेचें झालें, आणि पायथ्याशीं तसलेंच पाणी गरिबीची खूण म्हणून राहिलें. भांड्यांत फारसा फरक नव्हता. फरक होता तो चमच्यांत, बशींत आणि तें पिणाऱ्याच्या पगारांत.

पुढें आमच्या शिकलेल्या मध्यम वर्गानें जें केलें तें लक्षांत घेण्याजोगें आहे. त्यानें माथ्यावरचें सूप उचललें. पायथ्याचें कळण त्याच्या नजरेंत भरलें नाहीं. टोमॅटोचें सूप पाहुण्यापुढें ठेवितांना आम्हांस संकोच वाटत नाहीं; कुळिथाचें कळण ठेवावयाचें म्हटलें तर गृहिणी क्षणभर घुटमळते. हें लिहितांना परकें तें वाईट असें म्हणण्याचा आमचा हेतु नाहीं. टोमॅटो स्वतः अमेरिका खंडांतून आलेला. त्यास बेलवांगें म्हणून आपण घरांत घेतलें, आणि त्याचें सार आज कोणत्याही जुन्या साराच्या शेजारीं ताठ मानेनें बसतें. स्वयंपाकघर हें पाहुण्यांस वैरी मानीत नाहीं, हा त्याचा मोठा गुण आहे. दोष पाहुण्याचा नव्हे. पाहुणा येतांच घरच्या माणसास मागच्या दारीं बसविणाऱ्या आमच्या वृत्तीचा आहे.

कोणी म्हणेल कीं नांवांत काय आहे? कळण म्हटलें काय आणि सूप म्हटलें काय, पोटांत ऊब आल्याशीं कारण. परंतु नांवाबरोबर एक सबंध व्यवस्था येते व जाते. पाकिटांतील भुकटी उकळत्या पाण्यांत ढवळून सूप होतें. त्यास शेत लागत नाहीं, खाचरांतील ओल लागत नाहीं, दाणा सोलणारीं बोटें लागत नाहींत. कळणास तीं सर्व लागतात. म्हणून कळणाची मागणी थांबते तेव्हां एक चवच तेवढी जात नाहीं, तर भातामागून वाल पेरण्याचें एक मोठें कारणही जातें. मुंबई-पुणें द्रुतगती मार्ग २००२ मध्यें पूर्ण झाला आणि तो खालापुरांतूनच गेला आहे. त्याच्या दोहों बाजूंस आणि कर्जतच्या नदीकांठीं भातखाचरें विकलीं जाऊन तेथें शहरवासीयांचीं शेतघरें उठलीं. शनिवारीं-रविवारीं थंड हवेसाठीं तेथें येणाऱ्या मंडळींस संध्याकाळीं गरम सूप हवें असतें. तें मिळतें, मक्याच्या पिठानें दाट केलेलें. ज्या जमिनीवर तें प्यालें जातें तिनें कित्येक पिढ्या आपल्या माणसांस दुसरेंच कांहीं पाजिलें होतें, हें पिणाऱ्याच्या मनांतही येत नाहीं. मराठींत 'सूप वाजणें' म्हणजे एखादी गोष्ट समाप्त होणें. वालाच्या खाचराचें सूप अजून वाजलेलें नाहीं. पण त्याचा आवाज जवळ आल्यासारखा वाटतो.

राजांचीं नांवें व लढायांचे सन ह्यांचा शोध घेणारे आम्हीं लोक पातेल्यांतील पाण्याकडे क्वचितच पाहतों. हें ज्ञान ज्यांच्यापाशीं आहे त्या बहुतेक वृद्ध स्त्रिया आहेत. त्यांनीं तें लिहिलेलें नाहीं, कारण तें लिहिण्यासारखें आहे असें त्यांस कोणीं कधीं सांगितलें नाहीं. वाल किती वेळ भिजवावे, पाणी केव्हां काढावें, आमसूल आधीं घालावें कीं मागून, हे प्रश्न विचारण्यास अजून वेळ आहे. ज्या घरांत अशी आजी असेल त्या घरच्या नातवंडांनीं ह्या हिंवाळ्यांत तिच्याजवळ वही घेऊन बसावें. आणि पंक्तीची गोष्ट म्हणाल तर तिला फारशी सुधारणा नको: भात वाढण्यापूर्वीं कळणाची एक वाटी पाहुण्यापुढें ठेवावी, आणि नांव विचारल्यास कळण असेंच सांगावें.