तोंडात तीळ भिजत नाही

विळा घट्ट धरा, पण रोपाला हिसका देऊ नका. रावीच्या काठी, हडप्पा शहराबाहेरच्या शेतात तुम्ही वाकून उभे आहात. इसवी सनापूर्वी २००० चा सुमार, शंभर-दोनशे वर्षं इकडेतिकडे. पाऊस सरलाय, गव्हा-जवाच्या पेरणीला अजून अवकाश आहे. दिवस नुकता उजाडतोय आणि पानांवर दव आहे तोवर काम उरकायची सगळ्यांची धडपड चाललीय. ऊन चढलं की बोंडं कडक वाळतात आणि विळ्याचा नुसता धक्का लागला तरी रिकामी होतात.

हातातलं रोप जरा निरखा. कमरेएवढं उंच, दांडा चौकोनी, बोटांना बारीक लव लागते. शेंड्याला अजून फिकट गुलाबी फुलं लटकलीत. मधली बोंडं हिरवी आणि भरीव. तळाचं मात्र पिवळं पडून टोकाशी उकललंय. त्या चिरेतून आत पाहिलंत तर उभ्या कप्प्यांत एकावर एक रचलेले दाणे दिसतील. बोंड उभं आहे तोवर ते आत आहेत. वाऱ्याची एक झुळूक आली की मातीत.

म्हणजे एकाच दांड्यावर फूलही आहे आणि सांडायला निघालेलं बीही. मग कापायचं कधी? लवकर कापलंत तर वरचे दाणे पोचट, उशीर केलात तर खालचे गेले. ज्याला गुपित राखता येत नाही त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं आपण म्हणतो. इथे खुद्द तिळाचीच ती खोड आहे.

रानात ही खोड शहाणपणाचीच. आपल्या पश्चिम किनाऱ्याकडे तिळाचा रानटी भाऊबंद आजही उगवतो आणि बी पिकलं की उधळून मोकळा होतो. त्याच्यापासूनच हिंदुस्थानात कुणीतरी तीळ शेतात आणला, असं अभ्यासक मानतात. गहू, जव, भात यांना माणसानं दाणा कणसात धरून ठेवायला लावलं. तीळ मात्र माझ्या मते अर्धाच माणसाळला. पेरलं तिथे मुकाट उगवतो, पण कापणीचा दिवस मालकाच्या सोयीनं ठरू देत नाही.

दोन दिवसांनी, चुलीशी ठेवलेलं तिळाचं एक मडकं पेट घेतं असं समजा. दाणे जळून त्यांचा काळा गोळा होतो. नुकसान झालं खरं, पण तो गोळा टाकू नका, तिथेच राहू द्या. खाल्लेल्या तिळाची खूण राहत नाही. जळालेला कुजत नाही. हडप्पाच्या उत्खननात माधो सरूप वत्स यांना जळक्या तिळाचा असाच ढेकूळ सापडला आणि १९४० मध्ये त्यांच्या अहवालात त्याची नोंद छापली गेली. आज तुम्ही या शेतात उभे आहात ते त्या नोंदीच्या जोरावर.

आता समुद्रमार्गे पश्चिमेला चला. अक्कडचा राजा सारगॉन याने फुशारकी मारून ठेवली आहे की मेलुहाची गलबतं आपल्या धक्क्याला लागतात. मेलुहा म्हणजे सिंधूचा मुलूख, असं बहुतेक विद्वानांचं मत. तिळाच्या गोणी अशाच एखाद्या गलबतातून गेल्या असाव्यात असं मानायला जागा आहे. आपण मात्र सारगॉनला ओलांडून पुढे जाऊ आणि इसवी सनापूर्वी १७५५ च्या आसपास बाबिलोनमध्ये उतरू.

उन्हाळा आहे आणि हवा भाजतेय. इथलं जवाचं पीक हिवाळ्यातलं. तीळ पेरायचा तो या काहिलीत, कालव्याच्या पाण्यावर. तुम्ही कर्जबाजारी शेतकरी आहात. सावकाराकडून चांदी घेतलीत आणि बदल्यात तयार केलेलं शेत त्याच्या हवाली करून बसलात: "पेर, पीक काढ आणि ने." पेंढ्या बांधून झाल्या आहेत आणि सावकार बांधावर येऊन उभा आहे. तुमच्या पोटात गोळा आलाय.

घाबरू नका, हम्मुराबी राजानं तुमची सोय करून ठेवली आहे. काळ्या दगडावर कोरलेल्या त्याच्या कायद्यात धान्याबरोबर तिळाचा स्पष्ट उल्लेख आहे. अशा शेतातलं धान्य किंवा तीळ सुगीला शेतमालकानंच उचलायचं. सावकाराला मुद्दल, व्याज आणि लागवडीचा खर्च द्यायचा. हातात चांदी नसेल तर राजानं ठरवलेल्या दरानं धान्य वा तीळ दिला तरी चालेल. थोडक्यात, खळ्यात पहिला हात मालकाचा. १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात सावकाराची खतं पेटवणाऱ्या आपल्या कुणब्यांना हा कायदा कुणी वाचून दाखवला असता, तर त्यांनी तो थट्टेवारी नेला असता. कायद्याचा तो दगड आज पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे. आणि बाबिलोनचे लोक तिळाखेरीज दुसरं तेल वापरत नाहीत, हे बाराशेहून अधिक वर्षांनी हेरोडोटसनं लिहून ठेवलंय.

चला, परत समुद्र ओलांडा आणि अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागा. सन १७८० च्या आगेमागे. कुलाब्यावर रघूजी आंग्र्यांचा अंमल आहे. वार शुक्रवार, दुपार कलंडलीय. माडांच्या सावलीतून घाण्याची करकर ऐकू येते. त्या आवाजाच्या मागानं गेलात की आधी वास भेटतो, कोमट, किंचित कडसर.

बैल डोळ्यांना झापडं बांधून गोल फिरतोय. त्याच्या मागे जड लाट उखळात गरगरतेय. वरकस जमिनीवर नाचणीच्या शेजारी पिकलेले तीळ तेलीकाका ओंजळीनं सोडतात. आधी नुसती भरड होते, मग ती चिकट होऊन लाटेला धरून बसते. आता गंमत बघा: तेल हवंय, आणि काका वर पाण्याचा हबका मारतात. थोडंच, हाताच्या अंदाजानं. पाणी मिळालं की चोथा आवळून येतो आणि तेल सुटायला लागतं. पेंड कडेला दाबून बसते, मधे सोनेरी तेल चढतं. बोट बुडवून पाहा, ते कोमट लागेल. कमी पाणी पडलं तर तेल पेंडीतच राहतं, जास्त पडलं तर तेल खराब होतं. हे माप कुठे लिहिलेलं नाही.

शेजारची बाई बुधली घेऊन येते.

"काका, अर्धं आत्ता द्या. उरलेलं उद्या सकाळी पोराला पाठवते."

"उद्या शनवार, वहिनी. घाणा बंद."

"अहो, पण मारुतीला तेल उद्याच घालायचं ना!"

"म्हणून तर सांगतोय, आजच सगळं न्या."

हे शनवार तेली. बोली आपलीच, पोशाख आपलाच, आडनावं गावांवरून पडलेली, शेवटी 'कर' लावलेली. गलबत फुटून सात पुरुष आणि सात बायका याच नवगावच्या किनाऱ्याला लागल्या, अशी कथा ते सांगतात. बाकी बरंच विसरले, पण 'शमा'ची प्रार्थना, मुलांची सुंता आणि शनिवारचा विसावा त्यांनी सोडला नाही. गावानं कारण विचारलं नाही. जे दिसलं त्यावरून नाव ठेवलं. हे बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. दिवस मावळायला आला की काका बैल सोडतात, त्याची झापडं काढतात. त्यांच्या धर्मात शनिवारची सुट्टी जनावरालाही आहे. इतर कुठल्या तेल्याच्या बैलाला आठवड्याची हक्काची रजा होती की नाही, कुणास ठाऊक!

यांच्यातले कित्येक पुढे कंपनीच्या फौजेत गेले. त्यांतलेच समाजी हसाजी दिवेकर टिपूच्या कैदेतून सुटून आले आणि १७९६ मध्ये त्यांनी मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं. तेल्याची मुलं कारकून झाली, शिक्षक झाली, डॉक्टर झाली आणि १९४८ नंतर बरीचशी इस्रायलला गेली.

एक शेवटची उडी, १९४३ चं व्हेनेझुएला. डेरल्ड लँगहॅम नावाचा संशोधक तिळाच्या शेतात हिंडतोय. तुम्ही मागे आहात. तो एका रोपाशी थांबतो. रोप पूर्ण वाळलंय आणि बोंडं मिटलेलीच! हजारो वर्षं जे जमलं नव्हतं ते एका रोपानं आपसूक करून दाखवलं. पण आनंद टिकला नाही. ही बोंडं इतकी गच्च मिटलेली, की मळणीत ती फोडायला जोर लावावा आणि आतला नाजूक दाणाच चिरडावा. शिवाय उत्पन्नही कमी. बी धरून ठेवणारी आणि यंत्रात घालताच सोडणारी वाणं तयार करायला पुढे अमेरिकेत काही दशकं गेली.

आपल्याकडे जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्रानं तापी, पद्मा, जेएलटी-४०८ अशी चांगली वाणं दिली, पण काढणी विळ्यानंच होते. पीक तीन महिन्यांत तयार होतं. कापून पेंढ्या उभ्या करून ठेवायच्या, वाळल्या की ताडपत्रीवर उलट्या धरून झटकायच्या, पुन्हा वाळवायच्या, पुन्हा झटकायच्या. हजार दाणे मिळून वजन जेमतेम तीन ग्रॅम; किलोत तीन लाखांहून जास्त दाणे बसतात. तेव्हा संक्रांतीच्या तोंडावर तिळाचा भाव ऐकून वाण्याशी हुज्जत घालायची तर जरूर घाला, पण तीळ महाग का, असं मात्र त्याला विचारू नका. जगातला बहुतेक तीळ आजही हातानंच कापला जातो.